रेड एल चाखताना: नाक स्वयंपाकघरातलं, ग्लास ब्रुअरीतला

मायक्रोब्रुअरीच्या, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीच्या, फळ्यावर 'आयरिश रेड एल' (एल हा बिअरचाच एक प्रकार) वाचलं की नवखा माणूस दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, ही कडक असणार. दोन, हिच्यात काहीतरी लाल घातलेलं असणार. दोन्ही चूक. आयरिश रेड साधारण ३.८ ते ५ टक्के अल्कोहोलची असते, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरपेक्षा बरीच सौम्य. आणि तिची लाली भाजलेल्या धान्यातून येते.

मला स्वतःला ही बिअर पहिल्या तीन-चार वेळा अजिबात कळली नव्हती. शनिवारची रात्र, बर्फासारखा गार ग्लास, समोर लालभडक चिली चिकन. "बरी आहे, जरा गोडसर आहे" याच्यापुढे शब्द सुचेना. मग एका मंगळवारी दुपारी, ब्रुअरीत चिटपाखरू नसताना, तिथल्या ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, माझ्या तळहातावर तीन प्रकारचे दाणे ठेवले आणि म्हणाला, "आधी हे चावा. बिअर मग देतो."

पहिला दाणा फिकट, गव्हाच्या दाण्यासारखा दिसणारा. चावल्यावर कुरकुरीत, मागून हलकी गोडी. दुसरा तांबूस आणि आतून काचेसारखा कडक. दाताखाली फुटला तेव्हा चिक्कीच्या पातेल्याला चिकटून राहिलेला पाक खरवडून खाल्ल्यासारखं वाटलं. तिसरा काळाकुट्ट: कोरी कॉफी आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा. त्यानंतर त्याने ग्लास दिला, आणि तिन्ही दाणे एकेक करून त्यात सापडले. रेड एल चाखायची पद्धत मी त्या दुपारी शिकलो. पुढे जे लिहितोय ते त्याच पद्धतीचं आहे. ब्रुअरीत गर्दी नसेल तर तुम्हीही दाणे मागून बघा. बहुतेक ब्रूअर खूश होऊन देतात, कारण सहसा कुणी मागतच नाही.

त्या तीन दाण्यांत काय असतं

आपल्याकडे बाळासाठी नाचणीला मोड आणतात, वाळवतात, दळतात आणि सत्त्व करतात. बार्लीचं माल्ट म्हणजे तीच क्रिया. मोड आल्यावर दाण्यात अशी विकरं तयार होतात जी स्टार्चची साखर करतात. योग्य वेळी दाणा वाळवून ती क्रिया थांबवायची. हे झालं फिकट माल्ट, बिअरचा पाया.

तांबूस दाणा क्रिस्टल माल्टचा. ओलं माल्ट न वाळवता बंद भट्टीत तापवलं की सालीच्या आतच स्टार्चची साखर होते आणि मग ती भाजली जाते. प्रत्येक दाण्यात पाकाचा एक छोटा खडा. काळा दाणा मात्र माल्टच नव्हे. ती मोड न आणलेली बार्ली, कॉफीसारखी खरपूस भाजलेली. रेड एलमध्ये ती अगदी थोडी पडते, १०० किलो धान्यात साधारण २-३ किलो. तेवढ्यानेच लाल झाक येते आणि शेवटचा घोट कोरडा होतो. प्रमाण वाढवत नेलं की बिअर तपकिरी होते, आणखी वाढवलं की स्टाउटच्या, म्हणजे काळ्या बिअरच्या, वाटेला लागते. ब्रूअरचा हात किती सुटला होता हे या एका गोष्टीवरून ओळखता येतं.

जाण्याआधी

वेळ दुपारची निवडा, शक्यतो आठवड्यातली. उजेड असतो, गाणी हळू असतात आणि वाढणाऱ्या मुलांना दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला सवड असते. रिकाम्या पोटी जाऊ नका, पण तिखट मिसळ हाणूनही जाऊ नका. तिखटाने जीभ बराच वेळ बाद होते. अत्तर, डिओ, जेवणानंतरची बडीशेप, मसाला पान, पुदिन्याचं च्युइंगम: त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. तोंडात पानाचा वास घेऊन बिअर चाखणं म्हणजे कानात कापूस घालून गाणं ऐकणं.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, परवानाही लागतो. गाडी घरी ठेवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती 'दोनच ग्लास घेतले' या हिशोबापेक्षा फार लवकर गाठली जाते. रिक्षाने जा, रिक्षाने या.

फळा वाचा, मग विचारा

महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची हवा पुण्यातून सुरू झाली. 'डूलाली' २००९ सालची. नंतर 'इंडिपेंडन्स', 'एफिंगट' अशी नावं आली, मुंबईत 'गेटवे' आणि 'व्हाइट आउल'. अशा ठिकाणी फळ्यावर गव्हाची बिअर आणि आयपीए (इंडिया पेल एल, चांगली कडवट बिअर) सहसा असते. रेड एल मात्र येते आणि जाते, म्हणून निघण्याआधी फोन करून टॅपवर, म्हणजे बिअरच्या नळावर, आहे का विचारलेलं बरं.

फळ्यावर नावापुढे सहसा दोन आकडे असतात. एबीव्ही म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, आयबीयू म्हणजे हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) कडवटपणाचं माप. आयरिश रेडचा आयबीयू साधारण १८ ते २८ असतो. आकडा ४०च्या पुढे दिसला तर ती आयरिश रेड नव्हे. 'रेड' या एका शब्दामागे निदान तीन वेगळ्या बिअर लपलेल्या असतात.

आयरिश रेड माल्टची बिअर आहे: गोडसर सुरुवात, कोरडा शेवट, हॉप्स मागच्या बाकावर. अमेरिकन रेड किंवा अंबर हिच्यापेक्षा अंगाने भरलेली आणि हॉप्सचा संत्रं-मोसंबीकडे झुकणारा वास मिरवणारी. त्याहून कडू आणि कडक ती रेड आयपीए. तिसरी बेल्जियमची फ्लँडर्स रेड, आणि तिचं गोत्रच वेगळं. ती लाकडी पिंपांत महिनोन्महिने मुरते आणि मुद्दाम आंबट केलेली असते. रुसलारे गावच्या 'रोडेनबाख' ब्रुअरीची बिअर या प्रकाराचा नमुना मानली जाते. आपल्याकडे टॅपवर ती क्वचितच दिसते, पण दिसली आणि पहिल्याच घोटाला आंबट लागली तर परत पाठवू नका. ती तशीच असते.

आयरिश रेडचं नातं आयर्लंडच्या किलकेनी गावाशी सांगतात. तिथली स्मिथविकची ब्रुअरी १७१० सालची. २०१३ मध्ये ती बंद झाली आणि बिअर डब्लिनला बनू लागली. 'आयरिश रेड' हे नाव अमेरिकेत घरोघरी पोचवलं ते मात्र कूर्स कंपनीच्या 'किलियन्स' या बिअरने, १९८१पासून. गंमत अशी की ती एल नाहीच, लागर आहे: एल उबेत आंबवतात, लागर गारव्यात सावकाश. त्यामुळे नावावर फार विसंबू नका. वाढणाऱ्याला सरळ विचारा: "दादा, ही आयरिश पद्धतीची आहे की अमेरिकन? आणि टॅपला कधी लागली?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दोन आठवड्यांच्या आतली असेल तर उत्तम.

किती आणि कोणत्या क्रमाने

पूर्ण पाइंट, म्हणजे मोठा ग्लास, मागवू नका. बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासांचा ट्रे मिळतो, प्रत्येकी १०० मिलिलिटरच्या आसपास. ५ टक्क्यांच्या चार बिअर १०० मिलिलिटर घेतल्या तर पोटात साधारण १६ ग्रॅम अल्कोहोल जातं. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ते ४१ ग्रॅम असतं. म्हणजे चार बिअरची ओळख करून घेऊनही डोकं जागेवर राहतं, आणि चाखायला ते लागतंच.

क्रम असा: आधी गव्हाची किंवा लागर, मग रेड, त्यानंतर आयपीए, शेवटी स्टाउट. आयपीए आधी घेतली तर तिचा कडूपणा जिभेवर बसून राहतो आणि रेड पाणीदार लागते. ट्रे येतो तेव्हा मुलं ग्लास कशाही क्रमाने ठेवतात, तेव्हा तुम्हीच हलवून घ्या. शेजारी साधं पाणी हवं, बर्फाचं नको.

ग्लास आणि रंग

फ्रीजरमधून काढलेला, धुकं आलेला ग्लास दिसायला छान असतो, पण रेड एलचा तो शत्रू. गारठ्यात माल्टचा वास उठतच नाही. "साधा ग्लास द्या, गार केलेला नको," एवढं म्हणायला लाजू नका. ग्लास आला की आधी त्याच्या भिंती पाहा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासला तेलकटपणा किंवा साबणाचा अंश आहे. फेसही मग टिकत नाही. बदलून मागा.

रंग बघायला बारचे पिवळे दिवे कामाचे नाहीत. खिडकीपाशी जा, ग्लासमागे टिश्यू पेपर धरा आणि ग्लास जरा तिरका करा. मध्यभागी कोऱ्या चहाचा रंग दिसेल, कडेला तांबूस, आणि उजेड आरपार गेला तर बुडाशी माणकासारखी एक रेघ. डाळिंबाच्या रसासारखी लाल दिसली तर रंग घातलाय का विचारायला हरकत नाही. आयरिश रेड शक्यतो नितळ असते. फेस मळकट पांढरा, दोन बोटं. बिअर खाली जाताना ग्लासला फेसाची कडी राहत गेली तर शुभ लक्षण.

वास

इथे घाई करू नका, निम्मी चव इथेच असते. ग्लासवर तळहात झाका, हलकेच गोल फिरवा, हात काढा आणि लगेच दोन-तीन छोटे वास घ्या. कुत्र्यासारखे, लांब श्वास ओढून नव्हे. मग नाक बाजूला करून आपल्याच मनगटाचा वास घ्या आणि पुन्हा एकदा ग्लासकडे वळा.

वर्णनासाठी टॉफी, बिस्किट, टोस्ट हे शब्द सगळीकडे वापरतात. चूक काही नाही, पण आपल्या नाकाकडे याहून बारीक मोजपट्टी आहे. चकलीची भाजणी करताना धान्य किती भाजलं हे तुमची आई वासावरून सांगत असेल, तर ती उत्तम बिअर-परीक्षक होऊ शकते, मग तिला हे आवडो न आवडो. रेड एलचा ग्लास नाकाशी धरा आणि विचारा: हा वास पोहे नुकते परतायला घेतल्याचा, की भाजलेल्या शेंगदाण्यांचा? गूळ, की काकवी, की पाक एक तार पुढे गेल्यावरचा किंचित जळका वास? मारी बिस्किट, की कयानीचं श्रूजबेरी? पहिल्यांदा जो शब्द सुचेल तो लिहा, बरोबर-चूक नंतर. हॉप्सचा वास आयरिश रेडमध्ये नसला तरी चालतं. असला तर मातकट किंवा फुलांसारखा, तोही पुसट.

घोट

पहिला घोट मोजायचा नाही, तो फक्त तोंड धुवायला. दुसरा मध्यम घ्या आणि गिळण्याआधी तीन-चार सेकंद सगळ्या तोंडात फिरू द्या. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. ही एक युक्ती जमली तर बाकीचा लेख विसरलात तरी चालेल. तोंडातला वास मागच्या बाजूने नाकात जातो आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं तेव्हाच कळतं.

वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे सहसा गिळतात, कारण घशातून उतरतानाचा कडूपणा आणि मागे काय राहतं हे पाहायचं असतं. रेड एलमध्ये तर सगळा खेळ या शेवटात आहे. सुरुवातीला पाकाची गोडी येते, मध्ये पावाच्या भाजलेल्या कवचाची चव, आणि मग ती काळी बार्ली हळूच दार लावून घेते. तोंड कोरडं होतं, पुढचा घोट घ्यावासा वाटतो. गोडी शेवटपर्यंत चिकटून राहिली तर बिअरमध्ये काळा दाणा कमी पडलाय किंवा यीस्टने साखर पुरती खाल्लेली नाही. उलट करपट चव पहिल्या क्षणापासूनच पुढे आली तर दाणा जास्त पडलाय. माझ्या मते आपल्याकडच्या ब्रुअऱ्यांचा कल गोडीकडे जास्त असतो. गिऱ्हाईक मागतं म्हणून असेल, पण दुसऱ्या ग्लासला ती गोडी जड होते.

अंग कसं आहे तेही बघा: ताकासारखं पातळ की लस्सीसारखं जड. रेड दोन्हींच्या मधली हवी. वायूने जिभेला टोचू नये.

आता ग्लास दोन्ही हातांत धरून दहा मिनिटं गप्पा मारा. टॅपमधून बिअर ४-५ अंशांना येते, रेड खुलते ८-१० अंशांना. त्यानंतर पुन्हा वास, पुन्हा घोट. मघाशी जिथे फक्त 'गोडसर' लिहिलं होतं तिथे आता शेंगदाणा किंवा मनुका सापडते. मला दर वेळी काहीतरी नवीन मिळतं. न मिळालं तर बिअर साधी आहे इतकंच, तुमचं नाक वाईट नाही.

काहीतरी बिघडलंय, पण काय?

बिअर गरम होते तसे तिचे दोषही बोलायला लागतात.

लोण्याचा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास, आणि जिभेवर तुपासारखा ओशटपणा: हा डायअसेटिल. आंबताना यीस्टच तो तयार करतं आणि चार दिवस जास्त दिले तर त्यातला बराचसा परत खाऊनही टाकतं. घाईने बिअर गार केली की तो राहून जातो. टॅपच्या नळ्या वेळेवर धुतल्या नाहीत तरी येतो. रेड एलमध्ये तो ओळखणं अवघड, कारण माल्टची टॉफी आणि हा लोणकट वास एकमेकांच्या आड लपतात. फरक ओशटपणात आहे. पाकाची गोडी घशाखाली उतरते, हा जिभेवर थर धरून बसतो.

उकडलेल्या कणसाचा वास येत असेल तर उकळणी कमी पडली असण्याची शक्यता. जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा किंवा दवाखान्यासारखा वास बहुतेक वेळा पाण्यातल्या क्लोरीनमुळे येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर जुनी झाली, हवा लागली. हिरव्या सफरचंदाचा म्हणजे कोवळी असतानाच काढली. आणि व्हिनेगर: फ्लँडर्स रेडमध्ये थोडं असलं तर शोभा, आयरिशमध्ये बिघाड.

एकदा एका ब्रुअरीत मला रेड एलमध्ये स्वच्छ लोणी लागलं. वाढणाऱ्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, टॉफी नोट आहे ती." मीही तेव्हा हट्टाला पेटलो, आवाज चढला, आणि शेजारच्या टेबलावरच्या काकू माझ्याकडे 'याला चढली' अशा नजरेने बघायला लागल्या. त्यापासून धडा घेतला. आता मी 'खराब आहे' म्हणत नाही. "जरा ब्रूअरना चाखायला सांगाल का? मला लोण्यासारखं लागतंय, जिभेवर ओशट राहतंय," असं म्हणतो. ब्रूअर आला तर तो एका घोटात ओळखतो, आणि बहुतेक वेळा ग्लास बदलून मिळतो. नाही मिळाला तर पाणी पिऊन पुढच्या ग्लासकडे वळायचं.

सोबत काय खायचं

चाखून होईपर्यंत काही नाही. मध्ये तोंड साफ करायला साधा पाव किंवा बिनमिठाचं बिस्किट पुरे. चाखून झालं की खुशाल खा. भाजलेल्याला भाजलेलं रुचतं हा साधा नियम: तंदुरी कोंबडी, सुकं मटण, भाजलेले शेंगदाणे, मशरूम. झणझणीत कोल्हापुरी मात्र नको. अल्कोहोल आणि वायू तिखटाचा जाळ वाढवतात. बाकरवडी मी उत्साहाने नेऊन पाहिली आहे. तिच्या मसाल्यापुढे रेड एल बिचारी गप्प बसली.

वहीत काय लिहायचं

गुण देऊ नका. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय हे महिन्याने तुम्हालाच आठवत नाही. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

"शुक्रवार, दुपारी ३.४०. आयरिश रेड, ४.६ टक्के, टॅपला सहा दिवस. रंग कोरा चहा, कडा तांबूस, नितळ. फेस दोन बोटं, टिकला. वास आधी मारी बिस्किट, मग काकवी. हॉप्स नाहीत. घोट गोड सुरू, मध्ये पावाचं कवच, शेवटी करपलेली भाकरी किंचित आणि कोरडं. दहा मिनिटांनी शेंगदाण्याची टरफलं. ओशट नाही. ताकापेक्षा जाड. आणखी एक घेईन, पण आज नको."

दोन महिन्यांनी त्याच ब्रुअरीची तीच बिअर पुन्हा चाखा आणि जुनी नोंद नंतर उघडा. छोट्या ब्रुअरीत प्रत्येक घाण्याला थोडा फरक पडतो, तो पकडण्यात खरी मजा आहे.

घरी न्यायची असेल आणि ब्रुअरी ग्राउलर (बिअर घरी न्यायची मोठी बाटली) भरून देत असेल, तर तो काठोकाठ भरून घ्या, म्हणजे आत हवा कमी राहते. रिक्षात उन्हात ठेवू नका, घरी सरळ फ्रीजमध्ये. बंद असताना दोन-तीन दिवस बरी राहते, एकदा उघडला की त्याच संध्याकाळी संपवायची. तरीही उरलीच तर दुसऱ्या दिवशी कांदाभजीच्या पिठात पाण्याऐवजी घाला, रंग सुरेख येतो.